सुतकाच्या धोंडीवर धुतलेले कपडे

आमच्या गावात सुतकाचे कपडे धुवायला वेगळी धोंड आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं की बाराव्या दिवसापर्यंतचं सगळं धुणं त्या धोंडीवर, पोफळीच्या बागेमागच्या ओहोळात. गावाचं रोजचं धुणं तळीच्या खालच्या पाटावर. का, तर विटाळाचं पाणी देवीच्या तळीला लागू नये. जुन्या माणसांनी उतार बघून, डोकं लावून हे ठरवलं होतं. मी मात्र जित्याजागत्या माणसाचे कपडे, म्हणजे माझे स्वतःचेच, आठ वर्षं त्या धोंडीवर धुवायला लावले. आणि ते मोठ्या शहाणपणानं केलं, हे आठवलं की मला अजून एका जागी बसवत नाही.

तसा मी आधीपासूनच चुळबुळ्या. जेवताना मधेच उठतो, दार लावलंय की नाही ते दोनदा बघतो, बसची वाट बघताना तिठ्यावर येरझाऱ्या घालतो. बायको म्हणते, "तुमच्या पायाक भोवरो लागलोहा." पण गेल्या तीन वर्षांतली चुळबुळ वेगळी. तिला कारण आहे आणि ते मला ठाऊक आहे.

पेडण्याहून तासाभरावर, डिचोलीच्या बाजूला, गोळ्यांच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. तिथं एक खोली बाकीच्यांपासून तोडून ठेवलेली होती. तिच्यात बायकांच्या गोळ्या होत. पाळणा लांबवायच्या, पाळी वेळेवर आणायच्या. कागदोपत्री खोलीला नंबर होता, आम्ही तिला 'बायलांची खोली' म्हणायचो. आत काम करणारे मात्र झाडून सगळे पुरुष. पावडर पिठीसाखरेसारखी, वास नाही, चव कुणी बघितली नाही. एका गोळीत औषध इतकं थोडं की नुसत्या डोळ्यांना दिसायचं नाही, बाकी सगळा भरणा. सुपरवायझर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम द्यायचा, "चिमूटभर सांडलं तर गावभरच्या बायकांचा डोस सांडला समज." आम्ही हसायचो. तोंडाला मास्क असे, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तो हनुवटीवर यायचा आणि कामाची पाळी संपेपर्यंत तिथंच राहायचा.

पाळी सुटली की त्या खोलीतल्या प्रत्येकाला अर्धा लिटर दूध आणि एक केळं मिळायचं. दुधानं पावडर पोटातून धुऊन निघते, असं आम्ही मानत होतो. कुणी सांगितलं, देव जाणे. पण मी ते दूध एक दिवस चुकवलं नाही.

कपडे धुवायचं मशीन कारखान्यातच होतं. ते एकदा बिघडलं ते बिघडलंच. मग कंत्राटी माणसांना सांगण्यात आलं की युनिफॉर्म घरी न्या आणि धुऊन आणा. मी कंत्राटीच होतो. आज ना उद्या कायम करणार, या आशेवर माझी तिथली सगळी वर्षं गेली.

त्याच सुमाराला माझं लग्न झालं. बायको दोडामार्गाकडची. आली त्या आठवड्यात तिनं माझा युनिफॉर्म उचलला आणि विचारलं, "ह्यां खंय धुवूचां? पाटार?"

मी विचार केला. खरंच केला. घरच्या कपड्यांत हे मिसळता कामा नये. पाटावर गावच्या बायका पोरांची लंगोटी धुतात, तिथं नको. मग मला ती धोंड सुचली. बाजूला, एकटी, वाहत्या ओहोळावर. म्हटलं, "थंय धू. वाहतं पाणी आसा, सगळां घेवन जाता."

आमचे थोरले काका भडकले. आईबाप लवकर गेल्यामुळे त्यांनीच मला वाढवलं. देवळाच्या गावकरांत त्यांचा शब्द मोठा. म्हणाले, "जित्या माणसाचे कपडे थंय? तुका काय सुतक आसा?" मी त्यांना अर्धा तास विज्ञान शिकवलं. केमिकल म्हणजे काय, वेगळं का धुवायचं, सगळं. शेवटी ते तोंड फिरवून गेले. मी जिंकलो होतो.

आता तळीचं सांगतो. देवळासमोर चिऱ्याच्या पायऱ्यांची चौकोनी तळी आहे. वरच्या झरीचं पाणी तिच्यात येतं आणि खालच्या पाटानं बाहेर पडतं. तळीत काळुंद्रं आहेत. नदीच्या खाडीतली काळुंद्रं आम्ही तळून, आमटी करून, बोटं चाटत खातो. तळीतल्यांना कुणी हात लावत नाही, ती देवीची. एखादं मेलंच तर चाफ्याखाली पुरतात.

या माशाचा संसार उघड्यावर असतो. जोडी मिळून पायरीचा एखादा दगड घासून स्वच्छ करते, त्यावर अंडी चिकटवते आणि दोघं आळीपाळीनं पंख हलवून वारा घालत बसतात. पिल्लं निघाली की त्यांचा काळसर पुंजका आईबापांच्या मधोमध फिरतो. मोठा मासा जवळ आला की बाप अंगावर धावून जातो. आमच्याकडे नवं जोडपं पहिल्या जेवणातला मूठभर भात या तळीत घालतं. पिल्लांवाली जोडी भाताला आली की वर्षभरात पाळणा हलणार, असं म्हणतात. आमच्या वेळेला एक जोडी आली ती थेट बायकोच्या हातापाशी. पिल्लांचा पुंजका तिच्या बोटांमधून आरपार गेला. ती इतक्या मोठ्यानं हसली की बायकांनी तिला दटावलं.

तेव्हापासून तिला तळीचं वेडच लागलं. रोज धुणं आटोपलं की उरलेली शितं घेऊन पायरीवर बसायची. कोणत्या जोडीनं कोणता दगड धरलाय, हे तिला माहीत असे. संध्याकाळी मी आलो की गावच्या बातम्यांसारखं सांगायची, "उगवतेकडच्यांची पोरां आज सुटली हां."

पाळणा काही हलला नाही. एक वर्ष झालं, दोन झाली. तिसऱ्या वर्षी आम्ही म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोघांच्या तपासण्या झाल्या. माझा रिपोर्ट बरा आला, तिचाही जेमतेम बराच. "वाट बघा," बाई म्हणाल्या. बघितली. मग गोळ्या सुरू झाल्या, मग सुया. सुया पोटावर घ्यायच्या. डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं आणि ती आपली आपण घ्यायला लागली. मी त्या वेळी अंगणात चकरा मारायचो, सुई बघवत नाही म्हणून. केवढा हळवा नवरा!

त्याच दरम्यान माझी छाती दुखायला लागली. बनियनचा काठ घासला तरी कळ यायची. बोटांना बोंडांखाली सुपारीएवढी गाठ लागायची. कपडे बदलायच्या खोलीत बांद्याकडचा एक सोबती माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, बायलेक सांग तुका ब्लाउज शिवूक!" सगळे खो खो हसले, मीही हसलो. हसणाऱ्यांतले निम्मे पाठ फिरवून शर्ट बदलतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी बनियनवर बनियन घालायला लागलो. घरी सांगितलं, घाम फार येतो.

दोन-तीन महिने अंगावर काढलं आणि मग एके दिवशी रजा टाकून फोंड्याला गेलो. फोंडा अशासाठी, की तिथं मला कुणी ओळखत नाही. तिथल्या डॉक्टरनं छाती दाबून बघितली, रक्त घेतलं आणि म्हापशाला केलेली ती पुरुषाची तपासणीही पुन्हा करायला लावली. चार दिवसांनी रिपोर्ट हातात दिला. ज्या ओळीत पहिल्या वेळी कोटींत आकडा होता, तिथं शून्य होतं. डॉक्टरनं विचारलं, "काम कसलं करता?" मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "ती खोली सोडा. आजच सोडा. सहा महिने, वर्ष लागेल, पण कदाचित सगळं परत येईल. आणि बायकोला उगाच औषधं देऊ नका, दोष तिच्यात नाही."

इतकं स्वच्छ मराठीत मला सांगितलं होतं. नंतर कधी म्हणायला नको की कळलं नाही.

मी तो कागद कारखान्यातल्या माझ्या कपाटात, जुन्या बुटात घालून ठेवला. घरी येताना बसमध्ये ठरवलं, आज सांगू. घरी आलो तर ती सुई घेऊन बसली होती. म्हटलं, उद्या सांगू. मग कायम करायच्या यादीत माझं नाव आहे असं कुणीतरी म्हणालं. खोली सोडतो म्हटलं असतं तर नाव गेलं असतं आणि घरी कारण सांगावं लागलं असतं. खरं कारण याहून लहान आहे. मला लाज वाटत होती. छातीची लाज आणि त्या शून्याची लाज. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मी दोन वर्षं झाकून धरली आणि म्हापशाच्या बाई माझ्या जुन्या रिपोर्टवर बायकोला सुया देत राहिल्या.

तळीतली पिल्लं कधी दिसेनाशी झाली, ते आधी बायकोच्याच ध्यानात आलं. एका संध्याकाळी म्हणाली, "ह्या वर्सा एकाच्याय पोरां सुटली नाय." मी म्हटलं, सुटतील. पुढच्या वर्षीही तेच. जोड्या जमत होत्या, दगड घासत होत्या, अंडी चिकटवत होत्या, वारा घालत होत्या. तीन-चार दिवसांत अंडी पांढरी पडत, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. तरी ती जोडी त्यांना वारा घालत तिथंच थांबायची. बायको मला हात धरून दाखवायला घेऊन गेली. मी क्षणभर बघितलं आणि चहाचं निमित्त करून वर आलो. पाण्याखालची ती दोघं मला बघवेनात.

गाव आधी म्हणालं, ऊन वाढलं. मग म्हणालं, पाणी कमी झालं. मग तळी उपसून गाळ काढला. त्यानंतरही अंडी पांढरीच. मग लोकांची नजर फिरत फिरत माझ्या बायकोवर आली. तिला आठ वर्षं मूल नाही. रोज पायरीवर बसते. स्वतःच्या हातानं शितं घालते. एका बाईनं पाटावर कपडे आपटता आपटता म्हटलं, "वांझेच्या हातचां खाल्ल्यान माशे वांझ झाले." बोलणं हातोहात गावभर झालं.

थोरले काका स्वतः आले. ते वाईट माणूस नव्हेत, येताना पाववाल्या पोदेराकडचे चार उंडे घेऊन आले. ओट्यावर बसून इकडचं तिकडचं बोलले, मग मान खाली घालून बायकोला म्हणाले, "बाये, रागाव नको. थोडे दीस तू तळीर येव नको. लोकां बोलतत."

ती उंडे घेऊन आत गेली. मी तिथंच उभा होतो आणि बुटातला कागद मला डोळ्यांसमोर दिसत होता. मी काय केलं? काकांना विचारलं, "चाय घेतलास?" आजही हे लिहिताना कान तापतात.

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघराच्या जनेलातून तळी बघायची. तिथून फक्त वरच्या दोन पायऱ्या दिसतात. बोलणं कमी झालं. सुया मात्र तिनं चुकवल्या नाहीत, उलट म्हणाली, "आता तरी होवक जाय. लोकांची तोंडां बंद होतली." मी अंगणात जाऊन चकरा मारल्या.

गेल्या वर्षी म्हापशाकडच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई विद्यार्थ्यांना घेऊन गावच्या झरी बघायला आल्या. त्या दिवशी सकाळीच एक काळुंद्र तरंगत होतं. काका ते चाफ्याखाली पुरायला निघाले होते. बाईंनी विचारलं, "पुरण्याआधी मी उघडून बघू का?" काका खूप वेळ घुटमळले, शेवटी मेलेलं आहे म्हणून हो म्हणाले. केळीच्या पानावर बाईंनी ब्लेडनं पोट उघडलं. भिंग धरलं. मग मुलांना बोलावलं.

"हे दोन पांढुरके पट्टे बघा. हे नराचे. आणि आता त्यांच्या आतच बघा, काय दिसतंय?"

एक मुलगी म्हणाली, "दाणे. गाबोळीसारखे."

"गाबोळीच. नर आहे, पण अर्धा मादी व्हायला लागलाय. एका माशावरून खात्री देता येत नाही. पण तुमच्या तळीत सगळे असेच असतील, तर जोड्या जमतील, अंडी होतील, पण ती फळणार नाहीत."

काकांनी विचारलं, "ह्यां कशान जाता?"

"बऱ्याच गोष्टींनी. सांडपाणी, शेतातली फवारणी. पण सगळ्यात लवकर होतं ते बायकांच्या गोळ्यांतल्या औषधानं. ते पाण्यात अगदी नावापुरतं असलं तरी पुरतं. वरच्या बाजूला एखादा कारखाना आहे का?"

"हंय कारखानो नाय," काका म्हणाले. "हंय फक्त देवी."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंडात मिठाची गुळणी धरून.

पण बाई गेल्या आणि मला उभं राहवेना. धोंडीवरचं पाणी तळीला लागत नाही, हे तर लहानपणापासून माहीत होतं. ओहोळ बागेमागून जातो तो खाली शेतांत. मग माझा काय संबंध? मी स्वतःला हे दहा वेळा सांगितलं आणि दहाव्या वेळी उठून न्हाणीघरातली निळीची बाटली घेतली. धोंडीपाशी गेलो आणि अख्खी बाटली ओहोळात ओतली. निळं पाणी निघालं, त्याच्याबरोबर मीही काठाकाठानं निघालो. बागेचं कुंपण ओलांडलं, नव्या रस्त्यापाशी आलो. हा रस्ता सहा वर्षांपूर्वी रुंद केला, तेव्हा ओहोळ आडवा आला म्हणून कंत्राटदारानं खाली सिमेंटचा पाइप घातला होता. निळं पाणी पाइपात शिरलं. पलीकडच्या बाजूला, जिथून ते शेतांकडे निघायला हवं, तिथं मी वाट बघत बसलो. तिथं कोरडं होतं, रानतुळस माजली होती. म्हणजे पाइप सरळ गेलाच नव्हता. मी धावत तळीवर आलो. वरच्या कोपऱ्यात, झरीच्या तोंडाखाली, शेवाळात एक सिमेंटचं तोंड होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते झरीचंच पाणी मानलं होतं. त्यातून निळीचा एक धागा सावकाश पाण्यात उतरत होता, आणि काही खायला मिळतंय का बघायला काळुंद्रं त्याच्यापाशी जमली होती.

एका माणसाच्या कपड्यांनी अख्खी तळी नासते का? मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. रस्त्याच्या गटाराचंही पाणी त्या पाइपाला मिळतं, वरच्या बागांत फवारण्या होतात. तळीचं पाणी कुणी तपासलेलं नाही. पण माझ्या अंगातलं तपासलं होतं. तोच कागद, तीच पावडर. स्वतःला फसवायला मला आता जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हटलं, युनिफॉर्म आता कारखान्यातच धुवायचं ठरलंय. ते खोटं होतं. मी तो तिथल्या संडासाच्या नळाखाली धूत होतो. ते पाणी कुठं जातं, ते मी विचारलं नाही.

आणि मग गावानं ठरवलं, देवीला कौल लावायचा. आमच्याकडे मोठा प्रश्न पडला की देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रविवारी सकाळी पूजा झाल्यावर सगळा गाव देवळात जमला. काकांनी निरोप पाठवला होता, बायकोलाही आणायचं. ती घडीची साडी नेसली. वाटेत मला म्हणाली, "उजवी पडली तर मी म्हायेराक जातंय. तुमका तरास नको."

कौल चुकत नाही, असं ती मानत होती. म्हणजे देवळात शिरायच्या आधीच तिनं अर्धा निकाल स्वतःच्या अंगावर घेतला होता.

पाकळ्या लागल्या. काकांनी हात जोडले आणि सुरुवात केली. "हे माये, तळी तुझी, लेकरां तुझी. आज तीन वर्सां तुझ्या तळीत पोर दिसना. खंयच्या घरातली सावली पडली आसात, खंयच्या बायलेचो हात लागलो आसात..."

"होय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"...तर उजवी देवन आमका..."

"थांबा," मी म्हणालो.

मी उभा कसा राहिलो, ते आठवत नाही. मी म्हटलं, "सावली माझी. हात माझो." मग सगळं सांगितलं. खोली, पावडर, कपडे, धोंड, पाइप, निळीची बाटली. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बायलेक वाचवूक कायपण सांगता. तेव्हा मी शर्टाची बटणं काढली. दोन्ही बनियन वर केले. देवीसमोर, बायकांसमोर. म्हटलं, "ह्यां बघा. माशांका जां झाला, तां माका झाला. फोंड्याच्या डॉक्टरान कागद दिल्यान, त्याच्यार शून्य आसा. दोन वर्सां झाली. माझ्या बायलेत दोष नाय. कधीच नव्हतो."

कुणी हसलं नाही. ज्यांची मुलं गोळ्यांच्या कारखान्यांत जातात असे तीन-चार बाप एकमेकांकडे बघायला लागले. एकानं आपल्या शेजारी बसलेल्या मुलाच्या शर्टाकडे बघितलं आणि मुलानं हात छातीवर आडवे घेतले. पाकळ्या पडल्या की नाही, कोणती आधी पडली, हे कुणी बघितलंच नाही. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "मगे आता देवीक काय इचारूचां?" आणि ते खरंच माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होते.

मी बायकांच्या बाजूला वळलो. मला वाटलं होतं, तिच्या डोळ्यांत पाणी असेल. सुटल्याचं. ती जागेवर नव्हती.

घरी आलो तर ती ओट्यावर बसली होती. घडीची साडी तशीच. मी समोर उभा राहिलो. म्हटलं, उद्यापासून मी त्या खोलीत जाणार नाही. म्हटलं, डॉक्टर म्हणाला आहे, परत येईल. म्हटलं, आता तुला कुणी काही बोलणार नाही. मी बोलतच सुटलो होतो. ती माझं बोलणं संपायची वाट बघत होती.

"कागद कधीचो?" तिनं विचारलं.

"दोन वर्षांचा. दिवाळीच्या आधीचा."

"माका सुयो घालतत, त्यातलां जां आसता, तां तुमच्या खोलयेतलांच मां?"

"तेच नाही," मी म्हटलं. "पण तसलंच."

ती मग बोटाचं पहिलं पेर धरून म्हणाली, "त्या दिवाळेक घेतलंय ती. पणती लावन आतमधी गेलंय. तेवा तुमका ठावक होतां?"

"हो."

तिनं दुसरं पेर धरलं. "जत्रेच्या आदल्या दिसाची? जेच्यान माका ताप इलो?"

"हो."

"शिगम्यातली?"

"हो."

"चवथीच्या सकाळची? गणपती पाटार ठेवचो होतो आनी तुम्ही अंगणात फिरत होतास?"

मी हो म्हटलं. तिचा आवाज चढला नव्हता, रडत तर ती मुळीच नव्हती. तिला तिची एकेक सुई दिवसासकट पाठ होती. एका हाताची पेरं संपली तेव्हा तिनं दुसरा हात पुढे घेतला, आणि मी तिथंच, एका जागी, हो म्हणत उभा राहिलो.